तबकडी फिरते, पण वाचली जात नाही

कळमन्याच्या धान्य आणि मिरची बाजाराभोवती जी वस्ती वाढली आहे, तिच्या घराघरांत धूळ घरच्यासारखीच वावरत असते. पोती उतरतात, बारदाना झटकला जातो, मालमोटारी रात्रभर येत-जात राहतात आणि मिरचीच्या हंगामात वाऱ्यालाही ठसका लागतो. अशाच एखाद्या घरात टीव्हीखाली ठेवलेला गेमिंग कन्सोल एके दिवशी तबकडी ओळखेनासा होतो. मुलगा ती बाहेर काढतो, सदऱ्याला पुसतो, पुन्हा आत सरकवतो. पडद्यावर पुन्हा तोच नकार उमटतो. वडीलधारी मंडळी ‘बरे झाले, आता अभ्यास तरी होईल’ असे म्हणून मोकळी होतात. ही प्रतिक्रिया स्वाभाविक असली तरी तिने प्रश्न सुटत नाही. हे यंत्र कोणाच्या तरी बोनसमधून किंवा हप्त्यांवर आलेले असते. तबकड्या मित्रांकडून निम्म्या किमतीत घेतलेल्या, काही अदलाबदल करून मिळवलेल्या असतात. यंत्राचा बाकी सर्व भाग धडधाकट असताना केवळ तबकडी वाचली जात नाही म्हणून ही सारी गुंतवणूक मातीमोल व्हावी काय, आणि तसे होण्यास केवळ धूळच कारणीभूत आहे काय, याचा विचार व्हावयास हवा.

तबकडी ‘वाचणे’ म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यावरील माहिती आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत, सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने कोरलेली असते. ही रेषा उलगडली तर सुमारे पाच किलोमीटर भरेल. लेसरचा किरण एका इवल्याशा भिंगातून या रेषेवर पडतो आणि परतलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून यंत्र अक्षरे जुळवते. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो, डीव्हीडीसाठी ६५० आणि ब्ल्यू-रेसाठी ४०५. तरंगलांबी जसजशी कमी झाली, तसतशा रेषा अधिक दाट बसवता आल्या. दोन रेषांमधील अंतर सीडीत १.६ मायक्रोमीटर होते, ते ब्ल्यू-रेमध्ये ०.३२ वर आले. इतक्या नाजूक कामगिरीवर नेमलेल्या भिंगावर कळमन्याच्या धुळीचा एक पापुद्रा बसला, तर त्याने गोंधळून जावे यात नवल नाही.

दोष तबकडीत आहे की यंत्रात, हा निदानाचा पहिला प्रश्न. एकच तबकडी अडत असेल आणि इतर चालत असतील तर यंत्राला हात लावण्याचे कारणच नाही. पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ ओढावे. गोल गोल फिरवू नये. या साध्या सूचनेमागे मोठे गणित उभे आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघा गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या संकेतपद्धतीमुळे सीडी वाचताना रेषेच्या सुमारे अडीच मिलिमीटर लांबीच्या तुकड्यातील माहिती नष्ट झाली तरी यंत्र ती भरून काढू शकते. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्याला क्षणभरच छेदतो, म्हणून तो खपून जातो. रेषेच्या दिशेने गेलेला गोलाकार ओरखडा मात्र सलग माहिती खातो, आणि तेथे हे गणितही हात टेकते. टूथपेस्ट चोळण्याचा घरगुती उपाय सीडीच्या जाड थरावर कधीकधी लागू पडतो. ब्ल्यू-रेची माहिती पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटर खोलीवर असल्याने तेथे तो घात करतो.

सगळ्याच तबकड्या अडू लागल्या तर यंत्राकडे वळावे. येथे प्लेस्टेशन २ या मार्च २००० मध्ये जपानात आलेल्या आणि पुढे भारतातही घरोघरी पोचलेल्या कन्सोलचे उदाहरण बोधप्रद आहे. त्याच्या काही खेळांच्या तबकड्या खालून निळसर दिसतात, त्या सीडी. चंदेरी दिसतात त्या डीव्हीडी. निळ्या चालतात आणि चंदेरी अडतात, किंवा उलट, असे घडले तर दोन प्रकारच्या तबकड्यांसाठी असलेल्या दोन लेसरांपैकी एक थकला असावा, हा तर्क पेचकस हाती न घेताही करता येतो. तबकडी मुळीच फिरत नसेल तर संशय मोटारीवर किंवा केंद्र साधू न शकणाऱ्या भिंगावर. फिरते, पण वाचन अधूनमधून अडखळत असेल तर भिंग ज्या दांड्यांवर मागेपुढे सरकते तेथील वंगण वाळून चिकट झाले असण्याचा संभव असतो. वीज तोडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने भिंग हलकेच पुसले आणि दांड्यांवरचे जुने वंगण काढून नवे लावले की कित्येक ‘मेलेली’ यंत्रे उठून बसतात. चालू लेसरकडे मात्र डोळा लावून पाहू नये; ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच तो अधिक धोक्याचा.

नागपूरच्या हवामानाचा वाटाही येथे मोजला पाहिजे. प्लेस्टेशन ४ सारख्या कन्सोलच्या पुस्तिकेत ५ ते ३५ अंश सेल्सियस तापमानात यंत्र वापरावे, असे छापलेले असते. नागपुरात मार्चअखेरीपासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत दुपारचा पारा बहुधा ३५ च्या खाली उतरतच नाही. मे महिन्यात तो ४५ पर्यंत जातो. म्हणजे शाळेच्या सुटीचा, मुले जेव्हा खरोखर खेळतात तो काळ, पुस्तिकेच्या दृष्टीने यंत्राच्या विश्रांतीचा! त्यावर उतारा म्हणून कूलर लावावा, तर वाळ्याच्या पडद्यातून येणारी दमट हवा धुळीला भिंगावर चिकटवून ठेवते. उष्णतेचा हा ताप इतर देशांनाही चुकलेला नाही. डिसेंबर १९९४ मध्ये निघालेल्या पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या नमुन्यांत लेसरचा भाग वीजपुरवठ्याच्या शेजारी होता. त्याच्या उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या झिजेने वाचन बिघडे, आणि लोक ते यंत्र चक्क उलटे ठेवून खेळत. पुढच्या नमुन्यांत त्या भागाची जागा बदलावी लागली. ग्राहकाने उपडे केलेल्या यंत्राकडून रचनाकारांना शिकावे लागले, असाच याचा अर्थ.

घरगुती उपाय थकले की माणूस सीताबर्डी गाठतो. ‘लेन्स गेली’ हा तेथील नेहमीचा निर्णय. काही कारागीर जुन्या यंत्रातील बारीकसा स्क्रू फिरवून लेसरला मिळणारा विद्युतप्रवाह वाढवतात. यंत्र तत्काळ सुरू होते, गिऱ्हाईक खूश होते आणि लेसर लवकर मरतो. थकलेल्या बैलाला चाबकाने पळवण्याचाच हा प्रकार. तथापि सारा दोष या कारागिराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्याला आकृती मिळत नाही, अधिकृत सुटा भाग मिळत नाही, आणि नव्या यंत्रांत तर प्रामाणिकपणे संपूर्ण ड्राइव्ह बदलला तरी यंत्र तो स्वीकारत नाही. एक्सबॉक्स ३६० पासून ही रीत रुळली. ड्राइव्ह आणि मुख्य पट्टी यांची सांकेतिक गाठ कारखान्यातच मारलेली असते. दुसऱ्या यंत्रातला अगदी चांगला ड्राइव्ह आणून बसवला तरी खेळ सुरू होत नाही. २०२३ साली आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या सडपातळ नमुन्यात ड्राइव्ह काढता-घालता येतो खरा, पण तो प्रथम बसवताना इंटरनेटवरून कंपनीची संमती घ्यावी लागते. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा एक अवयव बदलण्यास विक्रेत्याचा होकार लागावा, ही व्यवस्था दुचाकीच्या टायरच्या बाबतीत कोणी क्षणभर तरी सहन केली असती काय?

कंपन्यांची बाजू पोकळ नाही, हेही मान्य केले पाहिजे. प्लेस्टेशन २ च्या काळात चोरट्या प्रतींचा सुळसुळाट भारतात उघडपणे होता, आणि त्या चालाव्यात म्हणून यंत्रात चिप बसवून देणारेही होते. कुलूप आले ते या अनुभवातून. परंतु चोराला अडविण्यासाठी घातलेले कुलूप घरमालकालाच बाहेर ठेवू लागले तर किल्ली कोणाकडे असावी, हे ठरवण्याचे काम कुलूप करणाऱ्यावर सोडता येत नाही. अमेरिकेत हा प्रश्न कॉपीराइट कार्यालयापुढे गेला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या कार्यालयाच्या शिफारशीवरून कन्सोलच्या ड्राइव्हच्या दुरुस्तीसाठी असे कुलूप उघडण्यास मुभा मिळाली. दुरुस्तीनंतर कुलूप पूर्ववत लावण्याची अट होती. मात्र ते उघडण्याची साधने विकण्यास तेथील कायदा मना करतो. त्यामुळे परवानगी आहे आणि अवजार नाही, अशी ती सवलत राहिली.

भारतातील स्थिती याहून चमत्कारिक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५-अ तांत्रिक कुलूप तोडणे गुन्हा ठरवते, परंतु हक्कभंगाचा हेतू असेल तरच. स्वतःच्या यंत्राचा ड्राइव्ह बदलणाऱ्याचा तसा हेतू नसतो. म्हणजे कायद्याने दार लावलेले नाही. ते कारखान्याने लावले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे समितीने प्रथम विचारात घेतली. कळमन्याला माल आणणाऱ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्यात आला हे उत्तमच झाले. कन्सोलला मात्र गृहोपयोगी वस्तूंच्या पंगतीत दाटीवाटीने बसावे लागते. याउलट १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमचा उल्लेख नावानिशी आहे. यंत्र कचरा झाल्यावर सरकारला त्याचे नाव आठवते, दुरुस्तीच्या वेळी आठवत नाही!

येथे अपेक्षा अवास्तव नाहीत. ड्राइव्ह आणि मुख्य पट्टी यांची गाठ नव्याने मारून देण्याची सोय कंपनीने वाजवी शुल्कात कोणाही कारागिराला द्यावी. यंत्राचे उत्पादन थांबेल त्या दिवशी ती सोय विनामूल्य आणि इंटरनेटवाचून चालणारी व्हावी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुट्या भागांच्या अडवणुकीबद्दल चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटा भाग हा विक्रेत्याच्या मर्जीचा विषय नाही, हे तत्त्व तेथे मांडले गेलेच आहे; ते मोटारीपुरतेच का राहावे? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला या दुरुस्तीत रोजगार आहे, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत परावर्तनाचा धडा शिकवताना एखादा बंद पडलेला ड्राइव्ह उघडून दाखवला तर तो धडा अधिक चांगला लक्षात राहील.

तोवर कळमन्यातील ज्या घरचा कन्सोल तबकडी वाचत नाही, त्या घराने एक पथ्य पाळावे. दुकानात यंत्र देताना जुन्या ड्राइव्हची हिरवी सर्किट पट्टी परत मागून घ्यावी, आणि शक्य असेल तेथे फक्त लेन्स बदलून तीच पट्टी पुन्हा बसवण्यास सांगावे. गाठीची खूण बहुतेक नमुन्यांत त्या पट्टीवरच असते. ती भंगारात गेली, तर नव्या ड्राइव्हला हे यंत्र पुन्हा ओळख देणार नाही.