ओॲसिसची गोष्ट सांगताय ना? मग पूर्ण सांगा

ओॲसिसवरची ती मोटिव्हेशनल पोस्ट मला आतापर्यंत पाच जणांनी पाठवली. मँचेस्टरचे दोन गरीब भाऊ, हातात गिटार, मनात जिद्द, आणि मग जग जिंकलं! मंडळी, मी कॉलेजपासून हा बँड ऐकतोय, त्यामुळे प्रेमानेच सांगतो, यातला अर्धा भाग गाळलाय.

गॅलाघर भावंडं बर्नेजमध्ये वाढली ते घर कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेने कमी भाड्याने दिलेलं. मारकुट्या नवऱ्याला सोडून पेगीबाईंनी तीन पोरं एकटीने वाढवली. पोरं मोठी झाली आणि डोलवर, म्हणजे सरकारी बेकारभत्त्यावर जगली. 'फुकट्यांना पोसता' म्हणून तिकडेही या भत्त्याला नावं ठेवतात बरं का. पण त्याच भत्त्यामुळे तर तालमीला वेळ मिळाला! नोएल दुसऱ्या एका बँडची वाद्यं उचलत फिरला, परत येऊन लियमच्या बँडमध्ये शिरला. मे १९९३ मध्ये ग्लासगोच्या किंग टट्समध्ये ॲलन मॅगीने त्यांना ऐकलं आणि तिथेच करार देऊ केला. या हॉलची क्षमता किती? ३००. आपल्याकडचं बऱ्यापैकी मंगल कार्यालय याहून मोठं असतं.

पुढच्याच वर्षी पहिला अल्बम. १९९६ मध्ये नेबवर्थला दोन दिवसांत अडीच लाख माणसं, तिकीट साडेबावीस पौंड.

आता २०२४ चं बघा. भाऊ पुन्हा एकत्र येणार म्हणून तिकिटं निघाली. उभं राहायचं तिकीट साधारण १४८ पौंड, म्हणजे आपले १६ हजार. लोक तासन् तास ऑनलाइन रांगेत थांबले आणि नंबर आला तेव्हा तेच तिकीट ३५५ वर गेलेलं! नाव काय, तर 'डायनॅमिक प्रायसिंग'. आमच्याकडे याला अडवून लुटणं म्हणतात. बँड म्हणाला, असं होणार हे आम्हाला माहीतच नव्हतं. बरं, नसेल माहीत. पण बर्नेजच्या भत्त्यावरच्या पोराने हे तिकीट घ्यायचं कशातून?

आणि त्याने स्वतः बँड काढला तर वाजवायचं कुठे? २०२३ या एका वर्षात ब्रिटनमधल्या १२५ छोट्या जागांमधलं लाइव्ह संगीत बंद पडलं. भाडं, वीजबिल, वर शेजाऱ्यांच्या तक्रारी. मोठ्या स्टेडियमच्या तिकिटांवर थोडा अधिभार लावून या जागा वाचवा, असं तिथल्या खासदारांच्या समितीने सुचवलं. सरकार म्हणालं, कल्पना चांगली, पण ऐच्छिक ठेवू. ऐच्छिक म्हणजे काय होतं ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. कोल्डप्लेने २०२५ च्या आपल्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांचे १० टक्के द्यायचं ठरवलं, त्यांचं कौतुकच. पण एखाद्याच्या दानतीवर किती हॉल चालणार? माझं मत साफ आहे, अधिभार सक्तीचाच हवा आणि तो आयोजकाच्या नफ्यातून जावा, प्रेक्षकाच्या खिशातून नाही.

जिद्द होतीच हो, कोण नाही म्हणतंय. पण जिद्दी पोरं बर्नेजमध्ये आजही असतील. पुढच्या वेळी ती पोस्ट फॉरवर्ड कराल तेव्हा कौन्सिलचं घर, डोल आणि तो ३०० माणसांचा हॉल, एवढं तरी त्यात लिहा.