एकादशी आणि दुप्पट खाशी

ग्लायडरला जेट इंजिन बसवतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया ठरलेली असते. "मग ते ग्लायडर कसलं?" बरोबरच आहे. ज्या विमानाचं सगळं मोठेपण इंजिन नसण्यात आहे त्याला इंजिन लावायचं, आणि तेही जेट! एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ती हीच. पण गेले काही वीकेंड मी या विषयाच्या मागे लागलोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. ग्लायडरमधलं जेट हे उधळेपणात कुणालाही हार जाणार नाही असं इंजिन आहे, आणि तरीही ते बसवणाऱ्यांनी डोकं वापरलंय. भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. तिकडे नंतर येतो.

आधी थोडं गणित. (इंजिनिअर मंडळींना सवय असते, बाकीच्यांनी सहन करावं.) चांगलं आधुनिक ग्लायडर एक किलोमीटर उंची खर्चून शांत हवेत ४५-५० किलोमीटर पुढे जातं. म्हणजे पुण्यावर दीड किलोमीटर उंचीवर असाल तर काहीही न करता लोणावळा ओलांडाल. या आकड्याचा दुसरा अर्थ मला जास्त आवडतो. पायलटसकट ५०० किलोचं ग्लायडर उंची न गमावता सरळ न्यायचं तर मागून किती रेटा लागेल? ५०० भागिले ४५. अकरा किलो! पाण्याची भरलेली बादली उचलायला याहून जास्त जोर लागतो.

हा अकरा किलोंचा रेटा दिवसभर फुकट मिळतो. ऊन तापतं, जमिनीवरची गरम हवा वर चढते, आणि घारी ज्या झोतात गोल गोल फिरत पंख न हलवता वर जातात त्याच झोतात ग्लायडर फिरतं. उंची कमवायची, पुढे घसरायचं, पुढचा थर्मल शोधायचा. चांगल्या दिवशी असे हजार किलोमीटर जाणारे लोक आहेत. नामिबियातलं बिटरवासर हे ठिकाण तर अशाच उड्डाणांसाठी प्रसिद्ध आहे.

प्रश्न संध्याकाळचा. ऊन उतरलं, थर्मल मेले आणि धावपट्टी अजून साठ किलोमीटर लांब आहे. मग दिसेल त्या शेतात उतरायचं. हा खेळाचाच भाग आहे, पायलट ते शिकलेले असतात. कापणी झालेल्या युरोपातल्या शेतात उतरलात तर फार तर शेतकऱ्याशी गप्पा होतात आणि मित्र ट्रेलर घेऊन येईपर्यंत रात्र होते. पंख सोडवायचे, ट्रेलरमध्ये भरायचे, पहाटे घरी. पण खाली नामिबियाची झुडपं किंवा ऑस्ट्रेलियाचा रिकामा मुलूख असला तर प्रकरण गप्पांवर थांबत नाही.

म्हणून घरी पोचवण्यापुरतं छोटं इंजिन ठेवायची पद्धत आली. याला सस्टेनर म्हणतात. उड्डाण नेहमीसारखंच, विंचच्या दोरीने किंवा दुसऱ्या विमानाच्या मागे. (हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर दोरीने सुर्रकन वर खेचलं जाणारं ग्लायडर बऱ्याच पुणेकरांनी पाहिलं असेल.) इंजिन फक्त अडचणीसाठी.

जुना उपाय म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन आणि पंखा. कॉकपिटच्या मागे एक झाकण उघडतं, त्यातून खांब उभा राहतो, खांबावर पंखा. बऱ्याच मॉडेल्समध्ये स्टार्टरच नसतो. वजन वाचवायला तो काढलेला असतो. मग नाक खाली करायचं, वेग वाढवायचा आणि वाऱ्याने पंखा फिरून इंजिन सुरू होईल अशी आशा करायची. धक्का स्टार्ट! फरक एवढाच की धक्का मारायला तुम्ही तुमची उंची देताय, आणि उंची कमी पडली म्हणूनच तर इंजिन काढलंय. ते सुरू झालं नाही तर? उभा खांब आणि थांबलेला पंखा मिळून असा ब्रेक लावतात की तुमचे ४५ किलोमीटर निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतात. ज्या शेतापर्यंत आत्ता आरामात पोचला असतात, ते शेत गेलं.

जेटचा सगळा मुद्दा इथे आहे. जर्मनीच्या एम अँड डी कंपनीचं टीजे-४२ घ्या. दक्षिण आफ्रिकेच्या जॉन्कर बंधूंच्या जेएस-१ मध्ये हे बसतं, झेक बनावटीच्या शार्कमध्येही. रेटा सुमारे ४२ किलो. आकार म्हणाल तर स्टीलच्या मोठ्या डब्याएवढा. पाठीवरचं झाकण उघडून एका छोट्या दांडीवर तो बाहेर येतो. पायलट बटन दाबतो, बाकी कॉम्प्युटर बघतो: मोटरने चक्र फिरवणं, इंधन सोडणं, पेटवणं, तापमान हाताबाहेर जात नाहीये ना यावर लक्ष ठेवत वेग चढवणं. पाऊण-एक मिनिटात इंजिन तयार. पूर्ण जोरात चक्र मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतं, आणि तरी टू-स्ट्रोकसारखं विमान थरथरत नाही. मुख्य म्हणजे सुरू झालं नाही तर काय? जवळजवळ काहीच नाही. बाहेर आलेला डबा एवढासा आहे की ग्लायडर ग्लायडरच राहतं.

ही कल्पना काही आजची नाही. १९४९ साली फ्रान्समध्ये फुगा कंपनीने आपल्या सीएम-८ ग्लायडरच्या पाठीवर तुर्बोमेका कंपनीचं पिमेने नावाचं चिमुकलं जेट बसवून उडवलं. इंजिनाच्या झोतात शेपूट येऊ नये म्हणून शेपूट इंग्रजी व्ही अक्षरासारखं. तीच शेपटी पुढे फुगा माजिस्तेर या प्रसिद्ध प्रशिक्षण जेटवर गेली. म्हणजे लढाऊ पायलट घडवणाऱ्या विमानाचा पूर्वज पाठीवर इंजिन बांधलेलं ग्लायडर आहे! सत्तरच्या दशकात इटलीच्या काप्रोनीने कालिफ हे दोन सीटचं ग्लायडर टीआरएस-१८ जेट घालून विकलं. हे इंजिन तुम्ही बहुतेक पाहिलंय. 'ऑक्टोपसी'च्या सुरुवातीला जेम्स बाँड ज्या इटुकल्या जेटमधून पळतो, त्यात हेच असतं. (हो, तोच सिनेमा. उदयपूर, विजय अमृतराज आणि रिक्षा.)

पण ही इंजिनं महाग होती, आणि अकरा किलोंच्या कामासाठी फारच दांडगी. आजची छोटी जेट आली ती खेळण्यातल्या विमानांच्या लोकांकडून. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंगने घरगुती वर्कशॉपमध्ये बनवता येईल असं जेट इंजिन बनवलं. त्याच्या कॉम्प्रेसरचं चक्र चक्क प्लायवूडचं होतं, वरून कार्बन फायबर गुंडाळलेलं. आणि या पठ्ठ्याने ड्रॉइंगसकट पुस्तक लिहून सगळं जगाला देऊन टाकलं. आमच्या भाषेत सोर्स कोड उघडा केला. मग कोणी गाड्यांच्या टर्बोचार्जरची चक्रं वापरली, कोणी कंट्रोलर लिहिले, कंपन्या निघाल्या. नेदरलँड्सच्या एएमटीचं टायटन हे त्याच घराण्यातलं. वजन साडेतीन किलोच्या आसपास, रेटा चाळीस किलोच्या जवळपास. मोठ्या इंजिन कंपन्यांना ज्या बाजारात रस नव्हता तो छंदिष्टांनी भरून काढला.

आता उधळेपणाकडे. पंखा भरपूर हवा सावकाश मागे ढकलतो, छोटं जेट थोडी हवा भयंकर वेगाने फेकतं. ग्लायडर सेकंदाला ४० मीटरने जातंय आणि झोत ४४० मीटरने बाहेर पडतोय, तर झोतातल्या ताकदीपैकी जेमतेम १७ टक्के विमानाला मिळते, बाकी मागच्या हवेला दान. त्यात मुळात इंधनातली उष्णता झोतात आणण्याची या चिमुकल्या इंजिनाची क्षमता दहा टक्क्यांच्या घरात. गुणाकार करा: दोन टक्क्यांच्या आत-बाहेर! साधी पेट्रोल गाडी वीस-पंचवीस टक्के देते. पूर्ण जोरात हे इंजिन मिनिटाला साधारण लिटरभर रॉकेल पितं. (विमानाचं जेट इंधन म्हणजे शेवटी गाळीव रॉकेलच.)

तुलनेसाठी विजेचा पर्याय बघा. स्लोव्हेनियात तयार झालेल्या एफईएस पद्धतीत मोटर नाकात असते आणि पंख्याची पाती मिटून नाकाला चिकटतात. फारच देखणा उपाय. बॅटरी ३२ किलोच्या आसपास, वीज चारेक युनिट, आणि तेवढ्यावर शंभरेक किलोमीटर. आता ३२ किलोंचंच रॉकेल घ्या, म्हणजे ४० लिटर. त्यात पावणेचारशे युनिट ऊर्जा. नव्वद पट! आणि अंतर? आधी इंजिनावर चढायचं, मग इंजिन आत घेऊन घसरायचं, असं केलं तर कागदावर दोनशे किलोमीटर. नव्वद पट ऊर्जा जाळून दुप्पट अंतर.

हे वाचून आमच्यातला ऑप्टिमायझेशनवाला लगेच जेटवर काट मारेल. पण परफॉर्मन्सवर काम केलेल्या कोणालाही विचारा: जो कोड वर्षातून दोनदा चालतो त्याचा वेग कोणी मोजत बसत नाही, तो बाकीच्या वेळात किती मेमरी अडवून बसतो ते बघतात. सस्टेनर वर्षात किती वेळ चालतो? काही मिनिटं. उरलेले शेकडो तास तो फक्त सामान असतो. रॉकेल संपलं की त्याचं वजनही संपतं, आणि नको असेल तर भरायचंच नाही. बॅटरी भरलेली असो वा रिकामी, ३२ किलोच. शिवाय २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये अशाच एका ग्लायडरच्या बॅटरीने उतरताना पेट घेतला, तेव्हा 'वीज म्हणजे सुरक्षित' हेही तितकं सरळ नाही. गावोगावी शेतं आहेत अशा देशात मी वीज घेईन. बटन दाबताच मोटर फिरते, कानठळ्या बसत नाहीत, लाटेवर शहाणं दिसायलाही बरं. पण उतरायला पुढची जागा ऐंशी किलोमीटरवर असेल आणि समोरून वारा असेल, तर मला ते नव्वद पट उधळं रॉकेलच हवं.

"खेळ भ्रष्ट झाला" म्हणणाऱ्यांचं मी फार मनावर घेत नाही. स्पर्धेत इंजिन सुरू केलंत की तुम्ही तिथेच उतरलात असं धरतात. त्यासाठी लॉगरमध्ये आवाज टिपणारा सेन्सर असतो. गंमत अशी की हे सेन्सर पिस्टन इंजिनाच्या घरघरीवर बेतलेले, जेटची किंचाळी त्यांना नीट ऐकूच येईना आणि विजेची मोटर तर मुळात शांत. म्हणून वेगळे सेन्सर लावायची पाळी आली. जमीन तुमच्या पायाखाली किती आहे आणि थर्मल कुठे आहे हे ओळखायची विद्या मात्र इंजिनवाल्यालाही तितकीच लागते. पाऊण मिनिट वाट बघायला उंची लागते, आणि ती त्यानेच कमवायची असते.

भीती म्हणालो होतो ती इथे. इंजिन लावलेल्या ग्लायडरांच्या अपघातांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पायलट वाट बघत राहतो, "अजून एक थर्मल मिळेल", मग फार खाली आल्यावर इंजिन काढतो, ते सुरू होत नाही, तो बटनांशी खेळत बसतो, आणि शेत निवडायचं राहून जातं. मेलेल्या इंजिनाने माणूस मरत नाही. ग्लायडर इंजिनाशिवायच उतरतं, त्याचा जन्मच त्यासाठी. माणूस मरतो तो इंजिनावर लक्ष ठेवण्यात.

आणि जुन्या टू-स्ट्रोकची एक गोष्ट चांगली होती: त्याच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. ते इतकं कटकटं की पायलट आधी शेत बघून ठेवायचा, मग खांब वर. जेट दहादा बटन दाबलं की दहादा सुरू होतं. अकराव्यांदा पायलट शेत बघत नाही. आमच्या धंद्यात बॅकअप रोज रात्री बिनबोभाट घेतले जातात, आणि रिस्टोअर करून कोणी पाहिलेलंच नसतं. तोच हा स्वभाव. फक्त आमच्याकडे डेटा जातो.

म्हणून जेट बसवणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात असं माझं मत. शेत ठरलंय आणि खाली निदान चारशे-पाचशे मीटर आहेत, तरच बटन. त्याखाली आलात की इंजिन नाहीच असं समजून उतरायचं, मग ते कितीही विश्वासू असो. दुसरी गोष्ट जरा विचित्र वाटेल. दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला, आपल्याच धावपट्टीजवळ भरपूर उंचीवर, इंजिन बाहेर काढायचं आणि मुद्दाम सुरू करायचं नाही. त्या अवस्थेत घड्याळ लावून बघायचं किती उंची जाते, पाऊण मिनिट प्रत्यक्षात किती लांब असतं, आणि मग तसंच, डबा बाहेर ठेवून, उतरायचं. जेटच्या बाबतीत हे करणं सोपं आहे, कारण तो डबा तुम्हाला खाली ओढत नाही. खांबवाल्यांनी मात्र आधी शेजारचं शेत बघून ठेवावं.