स्क्रीन लाल झाली म्हणून पोरगं ढ ठरत नाही

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. डिप्लोमा मेकॅनिकल, दुसरं वर्ष. आवाज रडवेला.

"मामा, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही. मी कॉलेज सोडतो."

झालं होतं असं. सकाळी बेअरिंग ब्रॅकेटचं थ्रीडी मॉडेल सबमिट करायचं होतं. पठ्ठ्यानं व्हिडिओ बघून फ्रीकॅडमध्ये ते तीनदा बनवलेलं. सरांनी शेवटच्या दिवशी एवढंच सांगितलं, की खालच्या प्लेटला एक खाच वाढव. यानं खाच काढली आणि डावीकडच्या यादीत निम्म्या पायऱ्यांवर लाल खुणा आल्या. रिब भलतीकडंच जाऊन बसली, फिलेट गायब. तीन दिवसांचं काम पाच सेकंदांत मातीमोल.

मंडळी, मी गेली बरीच वर्षं कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांसाठी पॅटर्नची डिझाइनं करतो. रोज थ्रीडी मॉडेलिंग हेच काम. मीही डिप्लोमाला असताना असाच रडलोय. तेव्हा भारनियमन होतं. सेव्ह न केलेलं ड्रॉइंग आणि गेलेली लाइट, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. त्यामुळं भाच्याला "धीर धर, प्रयत्न कर" असलं काही सांगितलं नाही. म्हटलं, उद्या सबमिशन बुडालं तर बुडू दे, संध्याकाळी शेडवर ये.

आला. त्याच्या हातात एक खरा ब्रॅकेट दिला, ओतीव, दीड-दोन किलोचा. व्हर्नियर दिलं. म्हटलं, लॅपटॉप बंद. आधी माप घे आणि कागदावर तीन बाजूंनी काढ. तासभर लागला. मग विचारलं, "ही रिब कशाला धरून उभी आहे?" तो बघत राहिला. त्यानं रिबचं स्केच प्लेटच्या एका कडेला बांधलं होतं. खाच काढल्यावर कडांचे आतले नंबर बदलले आणि सॉफ्टवेअरला ती कड सापडेना. बस्स, एवढंच होतं. हा दोष इतका जुना आहे, की फ्रीकॅड बनवणाऱ्यांनी तो बराचसा आटोक्यात आणला तो २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, १.० आवृत्तीत. पोराच्या कॉलेजात आवृत्ती त्याच्याही आधीची. म्हणजे जगभरचे जाणकार जिथं वर्षानुवर्षं अडखळले, तिथं अडखळला म्हणून आमचं पोरगं स्वतःला ढ समजत होतं!

मग उपाय केला. स्केच कडेला न बांधता मूळ प्रतलाला बांधायचं. स्केचवर सगळी बंधनं नीट घालायची, ते पूर्ण बांधलं गेलं की हिरवं होतं. तोवर पुढं जायचं नाही. फिलेट सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्याची वेगळी फाइल, ब्रॅकेट-१, ब्रॅकेट-२, ब्रॅकेट-३. लगेच जमलं असं नाही. चार संध्याकाळी गेल्या, दुसऱ्या दिवशी तो परत चिडून उठून गेला होता. पण चौथ्या दिवशी खाच वाढवली आणि मॉडेल टिकलं. तेव्हाचा त्याचा चेहरा बघायला हवा होता.

आता मुद्द्यावर येतो. दोष पोरांचा नाही. आपण शिकवतोच चुकीचं.

आपल्याकडं मॉडेलिंग म्हणजे कुठं क्लिक करायचं याची पाककृती. हे दाब, ते दाब, आलं चित्र, घे सही. पण कारखान्यात चित्र नको असतं. ग्राहक रोज माप बदलतो. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून उभ्या बाजूला थोडा उतार द्यावा लागतो, त्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. ओतलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा ठेवावा लागतो. बदल झेलणारं मॉडेल हेच खरं कौशल्य. आणि ते मॉडेल मोडल्याशिवाय शिकता येत नाही.

मोडायला वेळ कुठाय? आठवड्याला दोन तास लॅब, एका मशिनवर तिघं, चारला कुलूप. मग घरचे पोटाला चिमटा काढून लॅपटॉप घेतात किंवा बाहेरच्या क्लासची फी भरतात. ज्याच्या घरी ते जमत नाही, तो गप्प बसतो आणि सही मिळवतो. आमच्या शेडवर कामाला येतो तेव्हा कळतं, की याला एक माप बदलता येत नाही.

शिक्षकांची बाजूही मला माहीत आहे. जागा रिकाम्या, एकाच सरांकडं दोन लॅब, माउस चोरीला गेला तर जबाबदारी त्यांच्यावर. म्हणून मागण्या साध्या करतोय, पैसे न लागणाऱ्या:

१. लॅब संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवा. शेवटच्या वर्षाची दोन पोरं जबाबदार नेमा.
२. परीक्षेत तयार मॉडेलला मार्क देऊ नका. समोर एक माप बदलायला सांगा, मॉडेल टिकतं का बघा. मोडलं तर दुरुस्त करायला अर्धा तास द्या आणि दुरुस्तीला मार्क द्या.
३. हातात खरा पार्ट द्या आणि मराठीत समजवा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या भंगारातला एखादा पार्ट आनंदानं देतील. मी तर देतोच.

फुकटचं सॉफ्टवेअर म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा 'फ्लो' हा ब्लेंडरमध्ये बनला. ते सॉफ्टवेअर कुणीही फुकट घेऊ शकतं.

आणि पोरांनो, तुम्हाला एकच सांगणं. वीस मिनिटं अडकलात की उठा, काय मोडलं ते वहीत मराठीत एका ओळीत लिहा. ओळ लिहिता आली तर अर्धं उत्तर मिळालं. व्हिडिओ बघताना त्याची आणि तुमची आवृत्ती एकच आहे का ते आधी तपासा. ब्लेंडरची २०१९ च्या आधीची ट्यूटोरियल बघाल तर बटणंच सापडायची नाहीत, आणि डोकं उगाच स्वतःचं खराब कराल.

भाच्याचं सबमिशन उशिरा झालं, दोन मार्क कापले. कॉलेज सोडलेलं नाही.

तुमच्या गावातल्या कॉलेजची लॅब किती वाजता बंद होते, ते कॉमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि प्राचार्यांना भेटायला जाऊ.