ब्रीदर-नळी मोकळी सोडणे गैर

संपादक महाशय यांस,


टर्बोचा दाब वाढविलेल्या पेट्रोल मोटारीची, क्रँककेसमधील वायू बाहेर नेणारी ब्रीदर-नळी खुशाल उघडी सोडावी, ही गतांकातील पत्रलेखकांची शिफारस ग्राह्य नाही. पिस्टनच्या रिंगांवरून क्रँककेसमध्ये निसटणारा वायू दाबाबरोबर वाढतो, हे खरे. परंतु बूस्टच्या वेळी मॅनिफोल्डमध्ये निर्वात न उरल्याने हा वायू तिकडे सोडणारी पीसीव्ही झडप मिटते, आणि मग तो वायू टर्बोअलीकडच्या शोषनळीनेच ओढून घ्यावा लागतो, याची दखल त्यांनी घेतलेली नाही. ही वाट तुंबल्यास डिपस्टिक वर उचलली जाते, ऑइल-सील पाझरतात. नळी उघडी सोडण्याऐवजी या वाटेत तेल अडवणारा जाळीदार कॅच-कॅन बसवावा. मात्र हिवाळ्यात मोटार चाकूरच्या पेठेपुरतीच फिरली, तर त्यात तेलपाण्याचा दुधाळ चिकटा साचतो, तो वेळोवेळी काढावा. शिवाय ब्रीदरचा हा वायू वातावरणात सोडण्यास भारत स्टेज मानकांत मुळीच मुभा नाही.

आपला,
एक वाचक, चाकूर (जि. लातूर)