न रडणारं बाळ आणि एक मिनिट: बेळगावचा अनुभव काय सांगतो?

बेळगाव : बाळ जन्मलं, पण रडलं नाही, तर हातात जेमतेम एक मिनिट असतं. खानापूरचा जंगलपट्टा असो की पलीकडचं चंदगड, तेवढ्यात रुग्णवाहिका येत नाही. समोरची सिस्टर काय करते, यावरच सगळं ठरतं.

दहातल्या साधारण एका बाळाला श्वास घ्यायला काही ना काही मदत लागते. बऱ्याच बाळांना नीट कोरडं केलं, पाठ चोळली की पुरतं. शंभरात तीन ते सहा बाळांना बॅग-मास्कने हवा द्यावी लागते, मिनिटाला सुमारे ४० वेळा. ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हे २०१० मध्ये आलेलं प्रशिक्षण नेमकं हेच बाहुलीवर शिकवतं. केंद्र सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमही २००९ पासून आहे.

या प्रशिक्षणाचा कस बेळगाव जिल्ह्यातच लागला. इथे ५९९ जणांना शिकवलं गेलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मृतजन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. म्हणजे ‘मेलेलंच जन्मलं’ अशी नोंद होणाऱ्या काही बाळांत जीव होता, असं मानायला जागा आहे. पण पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू घटले नाहीत. पुढे बेळगाव, नागपूर आणि केनियातल्या एल्डोरेट भागात मिळून ७१ दवाखान्यांत प्रशिक्षण झालं, तिथेही मृत्यूंत सगळीकडे सारखी घट दिसली नाही.

मग प्रशिक्षण वाया गेलं का? नाही. अडचण हिशेबात आहे. महिन्याला दहा बाळंतपणं होणाऱ्या केंद्रात बॅग लागणारी बाळं वर्षाला चार ते सात. चार सिस्टर असतील तर एकीच्या वाट्याला एखाद-दुसरं. इतक्या कमी वापरात हाताचं कसब टिकत नाही. त्यात शिकलेल्या सिस्टरची बदली झाली, की नवी पुन्हा कोरी.

उपाय खर्चिक नाही. बाहुली कपाटात कुलूपबंद न ठेवता आठवड्याला दहा मिनिटं सराव, प्रत्येक पाळीला बॅग-मास्कची तपासणी, आणि रात्रीच्या बाळंतपणाला दुसरं माणूस हाताशी. कारण आई आणि बाळ दोघांकडे एकटी सिस्टर एकाच वेळी बघू शकत नाही.

त्यामुळे ‘ट्रेनिंग झालं का?’ एवढंच विचारून भागणार नाही. शेवटचा सराव कधी झाला, हे आपल्या केंद्रात विचारायला हवं. सीमेच्या अलीकडे काय, पलीकडे काय, प्रश्न तोच आहे.