महानायक खाटेवर

गेल्या पावसाळ्यात माझा मामेभाऊ आमच्याकडे मूलला आठ दिवस राहून गेला. राहून गेला म्हणण्यापेक्षा पडून गेला म्हणणे अधिक बरोबर. त्याला सिकलसेल आहे. रोवणीच्या दिवसांत हौसेने बांधीत उतरला, दिवसभर भिजला आणि रात्री त्याचे हातपाय दुखू लागले. हे दुखणे ज्याने जवळून पाहिले नाही त्याला ते सांगून कळणार नाही. सतरा वर्षांचा मुलगा उशी दातांत धरून पडला होता आणि माझी आई त्याच्या पिंढऱ्यांवर गरम पाण्याची पिशवी फिरवत होती. दुखणे ओसरले की तो मोबाइलवर चित्रकथा वाचत बसे. इंग्रजी त्याला अर्धे कळते, चित्रे मात्र पूर्ण कळतात. एके दुपारी त्याने मला हाक मारली, "ताई, हे बघ. सुपरहिरो खाटेवर पडला आहे."

ती कथा होती कॅप्टन मार्व्हलच्या मृत्यूची. जिम स्टार्लिन या चित्रकाराने ती लिहिली आणि काढली, १९८२ साली ती प्रसिद्ध झाली. स्टार्लिनचे स्वतःचे वडील कर्करोगाने गेले होते, त्या दुःखाचा अंश या कथेत उतरला आहे. आकाशात उडणारा, ग्रहांची युद्धे जिंकणारा हा वीर कुणा शत्रूच्या हातून मरत नाही. फार पूर्वी एका लढाईत त्याच्या अंगात विषारी वायू गेलेला असतो, त्यातून त्याला कर्करोग होतो. ज्या मनगटपट्ट्यांनी त्याला बळ दिले, त्यांनीच रोग काही काळ थोपवून धरलेला असतो आणि आता तेच पट्टे औषधाच्या आड येतात. जगातले सगळे महानायक प्रयोगशाळेत जमतात. लोखंडी कवच घालणारे, हात रबरासारखा लांब करणारे, नाना शास्त्रांत पारंगत असे सगळे. औषध सापडत नाही. शेवटी तो शनीच्या टायटन या चंद्रावर, मित्रांच्या गराड्यात, अंथरुणावर प्राण सोडतो. शत्रुपक्षाचा दूतसुद्धा येऊन त्याला सन्मानपदक देऊन जातो.

पण माझे लक्ष मृत्यूकडे गेले नाही. ते गेले रिक जोन्स या त्याच्या तरुण सोबत्याकडे. हा पोरगा त्या महानायकांवर संतापतो. त्याच्या संतापाचा अर्थ असा की, तुमच्यापाशी एवढी बुद्धी, एवढी यंत्रे. मग कर्करोगावर औषध शोधायला तुम्ही आजवर का बसला नाहीत? तुमच्यातलाच एक पडला तेव्हा बरे तुम्हाला सुचले! या प्रश्नाला त्या मंडळींकडे उत्तर नाही. माझ्या मते सबंध चित्रकथेत खरा वीर कोणी असेल तर तो हा प्रश्न विचारणारा पोरगाच.

बाबांच्या जुन्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे काही मराठी अंक अजून आहेत. १९६४ पासून १९९० पर्यंत ही कॉमिक्स निघत होती. त्यातला वेताळ जंगलात राहतो, म्हणून आम्हां झाडीपट्टीच्या मुलांना तो नेहमीच जवळचा वाटला. लोक त्याला अमर समजतात. खरी गोष्ट अशी की बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि लोकांना वाटते वेताळ तोच आहे. त्या जंगलात डॉक्टर ॲक्सेल यांचे इस्पितळही आहे, हे मला विशेष वाटते. कथालेखकाला एवढे भान होते की जंगलात नुसता वीर असून भागत नाही, डॉक्टरही लागतो. असो. वेताळाच्या घरी वारशाने पोशाख मिळतो. माझ्या मामाच्या घरी वारशाने जे मिळाले त्याला पोशाख नाही, मुखवटा नाही आणि चित्रकथाही नाही.

सिकलसेलची हकिगत रिकच्या प्रश्नाला अगदी जुळते. अमेरिकेतील जेम्स हेरिक या डॉक्टरने १९१० साली एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचे लिहिले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या रोगाचे मूळ थेट रेणूत सापडण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे चोर कोण, तो कुठे राहतो, हे सगळे ठाऊक झाले. तरीही हायड्रॉक्सीयुरिया या औषधाला या रोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळायला १९९८ साल उजाडले, आणि तेसुद्धा मुळात कर्करोगासाठी वापरात असलेले औषध! मधली पन्नास वर्षे शास्त्रज्ञ झोपले होते असे मी म्हणत नाही. पण हा रोग तिकडे मुख्यतः काळ्या लोकांचा आणि इकडे आदिवासी व दलित वस्त्यांचा. विमानाने फिरणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी तो नव्हता. महानायकांपैकी कोणी खाटेवर पडला नव्हता.

हा रोग आपल्याच भागात का, असे कोणी विचारले तर उत्तर आपल्या जंगलातच आहे. ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष येतो, तो 'वाहक' असतो. तो सहसा आजारी पडत नाही, उलट प्राणघातक मलेरियापासून त्याचा काहीसा बचाव होतो. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसे मेली, तिथे हे वाहक तगले आणि दोष टिकून राहिला. ज्याने आजोबांना वाचवले त्यानेच नातवाला खाटेवर टाकले. कॅप्टन मार्व्हलच्या मनगटपट्ट्यांची कथा लिहिणाऱ्याला आमच्या रक्ताची कथा ठाऊक असेल असे वाटत नाही, पण दोन्हींची जात एकच.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत या रोगावर जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, त्यांच्यातील जनुकात बदल करून जन्माआधीचे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होईल असे करायचे आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. चित्रकथेतल्या शास्त्रज्ञांना जे साधले नाही ते खऱ्या शास्त्रज्ञांना साधले. किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. माझ्या मामाकडे तीन एकर धान आहे. हिशेब वाचकांनीच करावा.

आपल्या देशातही काम चालले आहे. दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेला अशाच प्रकारचा उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला. नाव भगवान बिरसा मुंडांचे. ते वाचून मला आनंद झाला, नाही असे नाही. पण तुरुंगात पंचविशीच्या आत मेलेल्या त्या वीराचे नाव औषधाला देणे सोपे आहे, त्याच्या लेकरांपर्यंत ते औषध नेणे कठीण. जाहीर होणे आणि भामरागडच्या पाड्यावर पोहोचणे यांत फार मोठी वाट आहे, आणि आपल्याकडच्या वाटा पावसाळ्यात बंद पडतात.

मग खरे महानायक असतातच कुठे, असे कोणी म्हणेल. मूलच्या माणसाने तरी हे विचारू नये. सोमनाथ आपल्या उशाशी आहे. उन्हाळ्यातल्या श्रमसंस्कार छावणीला आपल्यापैकी अनेक जण जाऊन आले असतील. त्या सोमनाथच्या आणि आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली तीही १९४९ सालीच. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढत नव्हते, आजही कृत्रिम माध्यमात ते वाढत नाहीत. त्यामुळे औषधाची परीक्षा घेणे अवघड होते. तेव्हा बाबांनी प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले आणि ते जंतू अंगात टोचून घेतले. प्रयोग फसला, जंतू रुजले नाहीत. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत आर्माडिलो या खवले असलेल्या प्राण्यात ते रुजवण्यात यश आले. पण माझ्या दृष्टीने त्या फसलेल्या प्रयोगाचे मोल वेगळेच आहे. बाबांना तेव्हा कुष्ठरोग झालेला नव्हता. त्यांच्या घरी कोणाला झालेला नव्हता. रिक जोन्सने ज्या प्रश्नावरून महानायकांना गप्प केले, तो प्रश्न या एका माणसाला विचारता आला नसता.

पुढे बाबांना स्वतःला रक्ताचा कर्करोग झाला आणि ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात ते गेले. त्यांची इच्छा होती म्हणून त्यांना दहन न करता मातीत पुरले. तोवर त्यांच्याच जिल्ह्यात हजारो कुष्ठरोगी औषधाने बरे होऊन शेती करत होते.

आता एक गोष्ट लिहिते, जी लिहू नकोस असे आईने बजावले आहे. मामेभाऊ गेल्यानंतर मी माझे रक्त तपासून घेतले. मी वाहक आहे. मला हा रोग नाही, कधी होणारही नाही. पण माझा नवरा वाहक निघाला तर आमच्या प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता चारांत एक. आई म्हणते, "सोयरीक जुळेपर्यंत तोंड बंद ठेव." आईचा मला राग येत नाही. वाहक मुलीला नाकारणारी घरे तिने पाहिली आहेत. वाहक मुलाला नाकारणारे घर मात्र अजून तिच्या पाहण्यात नाही, कारण मुलाची तपासणी मागतेच कोण? २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. चांगले आहे. पण कागदावर 'वाहक' असे लिहिलेली मुलगी तो कागद पेटीच्या तळाशी लपवत असेल, तर तपासणी झाली काय आणि न झाली काय. माझे मत असे की आपल्या महाविद्यालयात दरवर्षी प्रवेशाच्या वेळी सर्वांची तपासणी व्हावी, मुलांची आधी. आणि पत्रिका जुळवताना जी मंडळी नाडी बघतात त्यांनी हाही एक कागद बघावा. अठरा कोटी लागत नाहीत त्याला, बोटभर रक्त लागते.

मामेभावाने परवा फोन केला. बारावीच्या परीक्षेत त्याला जादा वेळ मिळणार आहे. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल अपंगत्वाच्या यादीत आहे, त्याचा हा उपयोग. गोळ्या चालू आहेत, पाणी भरपूर पितो. मी विचारले, "कॅप्टन मार्व्हल पुन्हा वाचलास का?" तर म्हणाला, "नाही ताई. तो मेला ना. आता दुसरी वाचतोय, तिच्यात अजून कोणी आजारी नाही."