मैदानातली मैफल आणि तिची तयारी

जयंतीचा मंडप एप्रिलमध्ये उतरतो, पण तिचा हिशेब मे उजाडल्याशिवाय मिटत नाही, हा आमचा वीस-बावीस वर्षांचा अनुभव. मंडपवाला, वीजवाला, फुलवाला यांची बिले चहाबरोबर पास होतात. वाद होतो तो साऊंडवाल्याच्या बिलावर. यंदा बैठकीत मागे बसणाऱ्या बायाबापड्यांनी गाऱ्हाणे मांडले की गायकाचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता, एकदा जवळच्या भोंग्यातून आणि लगेच पुन्हा स्टेजकडून. भाडे भरायचे आणि वर ऐकायचे गोंधळ! त्या बैठकीत एक कॉलेजकन्या होती. ती व्हायोलिन शिकते. ती म्हणाली, "काका, परदेशात उन्हाळ्यात ऐंशी-नव्वद वादक उघड्या मैदानात बसून बाख-बीथोवेन वाजवतात आणि हजारो लोक गवतावर बसून ऐकतात. ते कसं जमवतात?"

आम्हाला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. नंतर वाचून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम ऋतूचे पाहू. आपल्याकडे उघड्यावरची शास्त्रीय मैफल हिवाळ्यात होते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून आहे, तो डिसेंबरात भरतो. उन्हाळ्यात कोण बसणार आणि जूनपासून पाऊस. अमेरिका-युरोपात याच्या उलट. हिवाळ्यात बाहेर बर्फ, म्हणून संगीत बंद सभागृहात. जून ते ऑगस्टमध्ये रात्री आठपर्यंत उजेड राहतो, हवा सुखाची असते, तेव्हा संगीत बाहेर येते. याला पोटाचेही कारण होते. वातानुकूलन येण्यापूर्वी मोठी सभागृहे उन्हाळ्यात बंद ठेवीत आणि वादकांचा पगारही तेवढे महिने बंद असे. हिवाळ्यात नामवंत वाद्यवृंदात बसणारा माणूस उन्हाळ्यात हॉटेलात, बागेत, मिळेल तिथे वाजवी. मैदानातल्या मैफलींनी अशा वादकांची चूल पेटती ठेवली. रोजंदारी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

बॉस्टनमध्ये आर्थर फिडलर नावाचा एक वादक होता, तिथल्या सिम्फनी वाद्यवृंदात नोकरी करणारा. नदीकाठी लोकांसाठी मोफत संगीत व्हावे असे त्याच्या मनाने घेतले. त्याने स्वतः दारोदार फिरून पैसा उभा केला, लाकडाचे तात्पुरते स्टेज बांधून घेतले आणि ४ जुलै १९२९ रोजी चार्ल्स नदीच्या काठावर पहिला कार्यक्रम केला. पक्के बांधलेले स्टेज तिथे १९४० साली आले. मधली अकरा वर्षे तात्पुरत्या स्टेजांवरच निभावली. पावतीपुस्तक हातात घेऊन ज्याने वस्तीत फेऱ्या मारल्या आहेत, त्याला हा फिडलर आपल्यातला वाटेल.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, कारकुनी करणारे. आमची नजर आधी जमाखर्चाकडे जाते. या मैफलींचा ताळेबंद पाहिला तर तिकिटावर खर्च कधीच भागत नाही, आणि भागावा अशी अपेक्षाही नसते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात लुईसन स्टेडियम नावाचे दगडी पायऱ्यांचे क्रीडांगण १९१५ साली बांधले गेले. १९१८ पासून तिथे उन्हाळी मैफली सुरू झाल्या आणि सर्वांत स्वस्त तिकीट पंचवीस सेंटला ठेवले गेले. तूट भरून काढायला मिनी गुगेनहायमर नावाच्या बाई होत्या. त्या श्रीमंतांकडून देणग्या उकळीत आणि मध्यंतरात स्वतः स्टेजवर येऊन लोकांशी गप्पा मारीत. बाईंनी हे काम चाळीस वर्षांहून अधिक काळ ओढले. तिकीट वाढवून तूट भरणे हा हिशेबाचा सोपा मार्ग आहे, पण मग पायऱ्यांवर बसायला येणारा शिंपी, मुद्रक, शाळामास्तर यायचाच बंद होतो. तिकिटाचा आकडा ठरला की समोर कोण बसणार हेही ठरते. मैफलीच्या तयारीतला पहिला निर्णय हाच असतो आणि तो एकही सूर लागण्याच्या कितीतरी महिने आधी घ्यावा लागतो.

आता पावसाचे. मॅसॅच्युसेट्स राज्यात बर्कशायरच्या डोंगराळ भागात टँगलवूड नावाची जागा आहे. बॉस्टन सिम्फनीचे उन्हाळी घर म्हणून ती आज जगभर माहीत आहे. सुरुवातीला तिथे मोठा तंबू ठोकीत. १२ ऑगस्ट १९३७ च्या रात्री वॅग्नरचे संगीत चालू असताना विजांचा असा काही कडकडाट झाला आणि पाऊस असा कोसळला की वाद्यवृंदाला थांबावे लागले. तंबू गळू लागला, वाद्ये भिजली, श्रोते भिजले. मंडप उडण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या कार्यकर्त्यांना ते दृश्य वर्णन करून सांगायची गरज नाही. पण तिथे गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ नावाच्या बाई होत्या. या संगीतोत्सवाचा सगळा भार त्यांच्यावर होता. त्या भर पावसात स्टेजवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी भिजलेल्या श्रोत्यांनाच आवाहन केले की, पक्के छप्पर हवे असेल तर पैसा काढा. त्या एका रात्रीत तीस हजार डॉलरच्या आसपास वर्गणी जमली!

पुढची गोष्ट आमच्या फार आवडीची आहे. एलिएल सारिनेन या मोठ्या वास्तुविशारदाला नकाशा काढायला सांगितला. त्याचा नकाशा एक लाख डॉलरच्या अंदाजपत्रकात बसेना. काटछाट करून करून तो कंटाळला आणि त्याने कळवले की, एवढ्याच पैशात करायचे तर तुम्हाला साधी शेड मिळेल आणि ती कुणीही बांधणारा बांधून देईल. समितीने रागावण्याऐवजी तेच केले. जोसेफ फ्रांझ नावाच्या स्थानिक इंजिनिअरने शेड बांधली आणि ४ ऑगस्ट १९३८ रोजी तिचे उद्घाटन झाले. आत पाच हजारांवर माणसे बसतात, तिन्ही बाजू मोकळ्या आहेत, पलीकडे हिरवळीवर आणखी हजारो. गंमत म्हणजे लोक आजही तिला 'शेड'च म्हणतात.

वाद्यांची काळजी हा वेगळाच संसार आहे. व्हायोलिन, चेलो ही पातळ लाकडाची वाद्ये. दमट हवेत लाकूड फुगते, खुंट्या घट्ट अडकतात, उष्म्याने तारा सैल पडून सूर उतरतो. बासरी, क्लॅरिनेट यांच्यातली हवा मात्र तापली की त्यांचा सूर चढतो. म्हणजे एकाच स्टेजवर अर्धे खाली, अर्धे वर. म्हणून मध्ये मध्ये सूर मिळवून घ्यावा लागतो. पुष्कळ वादक आपले जुने मौल्यवान वाद्य घरी ठेवून बाहेरच्या कार्यक्रमाला दुसरे, कमी किमतीचे वाद्य आणतात. वाऱ्याने स्वरलिपीचे कागद उडू नयेत म्हणून स्टँडला चिमटे लावतात. तेच ते, आपण दोरीवर कपडे वाळत घालताना लावतो ते! बारीक किडे दिव्याभोवती घोंघावतात आणि तोंडाने वाजवणाऱ्याची पंचाईत करतात. त्यात उन्हाळी हंगामात दर दोन-चार दिवसांनी नवा कार्यक्रम, आणि तालीम बऱ्याचदा एकच, तीही त्याच दिवशी सकाळी, उन्हात. संध्याकाळी समोर गवतावर डबे उघडून बसलेल्या कुटुंबांना यातले काही दिसत नाही.

त्या मुलीचा मूळ प्रश्न आवाजाचा होता. बंद सभागृहात भिंती आणि छत आवाज परत फेकतात, म्हणून तो भरीव वाटतो. मैदानात आवाज गेला तो गेला. यासाठी वादकांच्या मागे आणि डोक्यावर शिंपल्यासारखी कमान बांधतात. ती आवाज पुढे ढकलते. जिथे माणसे फार आणि मैदान मोठे, तिथे मात्र ध्वनिक्षेपक लागतातच. आणि इथेच आमच्या जयंतीच्या साऊंडचे कोडे सुटले. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तारेतून मात्र तो क्षणात पोचतो. शंभर मीटर दूरच्या भोंग्यातून शब्द आधी ऐकू येतो आणि स्टेजकडून निघालेला तोच शब्द हवेतून जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा येतो. म्हणून दोनदा. उपाय असा की दूरच्या भोंग्याचा आवाज यंत्राने तेवढाच उशिरा सोडायचा. मग दोन्ही बरोबर येतात आणि ऐकणाऱ्याला सगळे स्टेजवरूनच येते आहे असे वाटते. आमच्या साऊंडवाल्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मशीन आहे माझ्याकडे, कुणी मागतच नाही." पुढच्या वर्षी आम्ही मागणार आहोत, आणि आवाज मोठा करण्यासाठी पैसे देणार नाही.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट आमच्या मनात घर करून बसली. समोर कोण बसणार हे तिकीट ठरवते. स्टेजवर कोण उभे राहणार हे कोण ठरवते?

मेरियन अँडरसन ही फिलाडेल्फियाची काळी मुलगी. तिथल्या एका संगीतशाळेने केवळ रंगामुळे तिला दारातून परत पाठवले होते. तिच्या चर्चमधल्या गरीब लोकांनी नाणे नाणे जमवून तिच्या शिक्षणाचा खर्च केला. १९२५ साली लुईसन स्टेडियममध्ये गाण्याची संधी देणारी स्पर्धा निघाली. स्पर्धक तीनशेच्या घरात. पुरे झाले की परीक्षक खटका वाजवून गायकाला मध्येच थांबवीत. हिच्या वेळी खटका वाजलाच नाही. ती पूर्ण गायली आणि पहिली आली. २६ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या साथीने ती त्या उघड्या स्टेडियममध्ये गायली. चौदा वर्षांनी, जगभर कीर्ती मिळवूनही, वॉशिंग्टनच्या एका मोठ्या सभागृहाने तिला जागा नाकारली. तेव्हा ९ एप्रिल १९३९ रोजी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर ती गायली. समोर ७५ हजार लोक होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने तिला आपल्या छताखाली घेतले ते जानेवारी १९५५ मध्ये.

तिच्यासारखे आणखीही होते. विल्यम ग्रँट स्टिल या काळ्या संगीतकाराने १९३६ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संचालन केले, तेही डोंगरउतारावरच्या हॉलीवुड बोलमध्ये, उघड्यावर. मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदासमोर उभा राहणारा तो पहिला काळा संचालक. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर पहिला काळा संचालक उभा राहिला तो ऑगस्ट १९४१ मध्ये, लुईसन स्टेडियममध्येच. त्याचे नाव डीन डिक्सन.

काही मंडळी म्हणतील, पाहा, मैदान किती उदार. आम्ही इतके भाबडे नाही. हिवाळ्याचा हंगाम हा मानाचा, सभागृहाचा, वर्षभराची तिकिटे आधीच घेणाऱ्या बड्यांचा. उन्हाळा दुय्यम मानला जाई, म्हणून तिथे धोका पत्करणे सोपे होते. पंगतीत न घेता अंगणात पान वाढण्याचा प्रकार आपल्या वाडवडिलांनी पाहिला आहे, त्यामुळे हा फरक आपल्याला लगेच कळतो. तरीही हेही तितकेच खरे की पंचवीस सेंटच्या पायऱ्यांवर बसलेल्या हजारो लोकांनी त्यांना ऐकले आणि टाळ्या वाजवल्या. 'लोकांना चालणार नाही' ही सबब त्या टाळ्यांनी खोटी पाडली. अंगणातले पान नाकारावे की तिथे बसून स्वयंपाकघराकडे बोट दाखवावे, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. सौभाग्यवतींचे मत पहिले, आमचे दुसरे.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने १९६५ मध्ये शहरातल्या बागांतून मोफत मैफली सुरू केल्या. पुढच्याच वर्षी लुईसन स्टेडियममधला शेवटचा हंगाम झाला आणि १९७३ मध्ये ते पाडले गेले. बागांतल्या मैफली मात्र वाढत गेल्या. ५ जुलै १९८६ रोजी सेंट्रल पार्कमध्ये आठ लाख लोक जमल्याचा अंदाज आहे, आणि त्या दिवशी संचालन करणारे झुबिन मेहता आपल्या मुंबईत जन्मलेले.

डीन डिक्सनचे पुढे काय झाले, हे त्या मुलीने आम्हाला परवा विचारले. हार्लेमच्या वस्तीत जन्मलेला हा मुलगा. सतरा वर्षांचा असताना त्याने वस्तीतल्या हौशी वादकांना गोळा करून स्वतःचा वाद्यवृंद उभा केला होता. १९४१ नंतर त्याला थोडेफार कार्यक्रम मिळाले, पण एकाही मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदाने कायमची जागा दिली नाही. १९४९ मध्ये तो देश सोडून गेला. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग, जर्मनीत फ्रँकफुर्ट, ऑस्ट्रेलियात सिडनी, सगळीकडे त्याला प्रमुख संचालकाची खुर्ची मिळाली. मायदेशाचे बोलावणे आले एकवीस वर्षांनी, १९७० मध्ये. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर तो पुन्हा उभा राहिला. सेंट्रल पार्कमध्ये, उन्हाळ्यात, उघड्यावर, बिनतिकिटाच्या हजारो लोकांपुढे.